रॅकवर मांडलेले पाहुणे

जयसिंगपूर
१० जानेवारी २०२५

चि. हंबीर,

आधी रागावते. आशीर्वाद शेवटी आहेत, तोवर वाचावं लागेल.

काल विजयसिंह येऊन गेला. मोनाच्या लग्नात नावं पुकारायला दुसरं कोणीतरी बघा, असा निरोप तू त्याच्याकरवी पाठवलास म्हणे. माझ्या नातीचं लग्न, आणि थोरल्या बहिणीला निरोप धाकट्या भावाच्या हातून. मला फोन करायला काय धाड भरली होती?

आठ डिसेंबरला काय झालं ते मीच तुला सांगते, कारण तू ते सगळ्या राजारामपुरीत वेगळंच सांगत सुटला आहेस. विजयसिंहाच्या क्रांतीचं लग्न होतं. तू माईकवर होतास. मानाच्या पाहुण्यांची नावं एकेक करून पुकारलीस, एकेकजण पुढं आला, फेटा बांधून घेऊन गेला. त्यात नवरीच्या मामाचं, अण्णासोंचं, नाव राहिलं. ते बोडक्या डोक्यानं भाचीच्या मागं उभे राहिले, अक्षता पडल्या आणि न जेवता निघून गेले. वाईट झालं, हे खरंच. पण एवढ्यावरून "माझी स्मृती गेली, माझं संपलं" असं म्हणत घरात बसायचं? अडुसष्टाव्या वर्षी?

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. धडा दहादा वाचून मुलाला येत नाही. पुस्तक मिटून विचारलं, त्यानं डोकं खाजवलं, चुकलं, मग आठवलं, की येतो. तुझ्यावर तोच इलाज करणार आहे. आजपासून फोन बंद. पत्रं लिहायची. माझं पत्र दोनदा वाचायचं आणि डब्यात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते न बघता उत्तर लिहायचं. लिहून झालं की डबा उघडून ताडून बघायचं आणि काय चुकलं ते खाली लाल शाईनं लिहायचं. मीही तेच करणार आहे.

मोनाचं लग्न चार मेला आहे. माईकवर तूच असशील.

आता आशीर्वाद.

आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर
१७ जानेवारी

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं. पोस्टमन दोनदा खात्री करून गेला. "हाताचं पत्र हाय की वो, बँकेचं न्हाय," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

पत्र डब्यात आहे. न बघता लिहितोय. तू रागावलीस, हे चांगलंच आठवतंय. फोन बंद, हेही. डबा, लाल शाई, चार मे. आणखी काहीतरी शाळेचं होतं.

आक्का, तुला गंमत वाटते. मला वाटत नाही. चाळीस वर्षं मी माईकवर नावं घेतली, कधी चिठोरं हातात धरलं नाही. शिरोलीच्या फौंड्रीत स्टोअर सांभाळलं तेव्हा दोन हजार वस्तू कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात आहेत ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचो. क्रांतीच्या लग्नात तूच म्हणालीस, "वय झालं, कागद घे," आणि वळणदार अक्षरात बासष्ट नावं लिहून दिलीस. कागद हातात असून नाव सुटलं. न बघता सुटलं असतं तर मनाला समजावलं असतं. डोळ्यासमोरचं नाव गाळणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? तो कागद तरी पुन्हा बघितला असता, पण शर्टाच्या खिशातच राहिला आणि तुझ्या भावजयीनं शर्ट धुतला. लगदा झाला.

अल्बम आला आहे. पानापानावर गुलाबी फेटे आणि मधोमध अण्णासोचं उघडं डोकं. मी ते पान चिकटवून टाकावं म्हणत होतो.

खरं सांगतो. आपले आबा माझ्याच वयाचे होते तेव्हा त्यांनी तुला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तू हसलीस आणि आत जाऊन रडलीस. मी बघितलं होतं. मला त्याची भीती वाटते.

हंबीर

लाल शाई: शाळा चौतीस वर्षं. पत्र दोनदा वाचायचं हे सुटलं. आशीर्वाद शेवटी होते, तेही सुटले.


जयसिंगपूर
२५ जानेवारी

चि. हंबीर,

दहापैकी सात. पहिल्या खेपेला चांगले आहेत.

आबांचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. त्यावर आत्ता काही बोलत नाही, कारण बोलून भीती जात नसते. काम दिलं की थोडी जाते. म्हणून काम देते.

स्टोअरचं तू लिहिलंस ना, तिथंच औषध आहे. डोळे मिटून जिथं फिरता येईल अशी जागा माणसाच्या डोक्यात असली, तर तिथं काहीही ठेवता येतं. तू अजून ते स्टोअर डोळे मिटून फिरतोस. मग त्यातला माल काढ आणि पाहुणे ठेव. दारातून आत ये, डावीकडून सुरुवात कर, एका खणात पाचच माणसं बसव. पाचाच्या वर डोकं घेत नाही. आणि नुसती रांगेनं उभी करू नकोस, ज्या वस्तूपाशी ठेवशील तिच्याशी काहीतरी झोंबू दे. जितकं विचित्र दिसेल तितकं टिकेल.

आज मांडलेस की उद्या एक फेरी मार. मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. जरा विसरायला लागलं की मगच आठवायचं. तिथं जोर लागतो, आणि जोर लागला की ते रुजतं. रोज सकाळी चालायला जातोस का? जा. दुपारी डुलकी लागली तर लागू दे, पण रात्री टीव्हीपुढं बसू नकोस. झोपेत डोकं आवराआवर करतं.

पाहुणे अदमासे शंभर धर. पक्की यादी मागाहून.

आक्का

लाल शाई: पोस्टमनला चहा दिलास ते मी विसरले होते.


राजारामपुरी
८ फेब्रुवारी

ती. आक्का,

सहा दिवस तुझी भावजय मला विचारतेय, "डोळं मिटून एकटंच काय हसताय?" मी म्हटलं, पाहुणे मांडतोय.

ऐक. दारातून आत आलो की डावीकडं रॅक नंबर एक. वरच्या खणात हातमोजे आणि गॉगल. तिथं नवऱ्या मुलाकडचे पाचही काका, सगळे गॉगल घालून, कारण ते साखरपुड्यालाही घालूनच बसले होते. दुसऱ्या खणात ग्रीसचा डबा आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून जोतीराम तात्या. ते कुठल्याच कामात हाताला लागत नाहीत, म्हणून. रॅक दोनमध्ये फ्यूज. तिथं चिमणाबाई आत्या. कारण तुला ठाऊक आहे. आपला विजयसिंह रॅक तीनला अगदी खाली, दुरुस्तीला काढलेल्या पंपांत. पाण्याचा एक थेंब नाही, आवाज मात्र भरपूर. पृथ्वीराज व्ही-बेल्ट कमरेला बांधून पोट आत घेतोय.

आठ रॅक झाले, ऐंशी पाहुणे. काल उलटी फेरी मारली, मागच्या भिंतीकडून दाराकडं. दोनच सुटले. आक्का, गेले दोन महिने मी एवढा खूश नव्हतो.

एकच अडचण आहे. अण्णासोला ठेवायला जागा सापडत नाही. बेअरिंगपाशी ठेवला, तिथून निघून गेला. वेल्डिंग रॉडपाशी ठेवला, तोंड फिरवून उभा राहिला. कुठंही ठेवला तरी माझ्याकडं बघतो, आणि डोक्यावर काही नसतं.

हंबीर

लाल शाई: पंधरवड्याची फेरी लिहायची राहिली. चालायला जातोय. टीव्हीचं जमेल तसं.


जयसिंगपूर
१६ फेब्रुवारी

चि. हंबीर,

दहापैकी नऊ, आणि एक माझ्याकडून कापला, कारण हसताना माझी कवळी सुटली.

पण एक घोटाळा झाला आहे. तुझं पत्र मोनानं वाचलं. तिनं आईला सांगितलं, आईनं तिच्या जावेला. आता जयसिंगपूरपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना कळलं आहे की हंबीररावानं पाहुणे रॅकवर मांडले आहेत. कोण कुठल्या रॅकला, याची चौकशी सुरू झाली आहे. विजयसिंह फोनवर म्हणाला, "आक्का, सख्ख्या भावाला खालच्या खणात? जोतीराम माझ्या वर?" मी म्हटलं, रॅक वेगळे आहेत रे. त्याला ते पटलं नाही.

मानपान लग्नात असतो हे ठाऊक होतं, तुझ्या डोक्यातही लागेल असं वाटलं नव्हतं. निस्तर.

उद्या मोनाच्या लग्नाची यादी करायला बसते. क्रांतीच्या वेळची वही काढली की निम्मं काम होईल. भावकी तीच, सोयरे थोडे वेगळे.

आक्का

लाल शाई: पृथ्वीराजचा बेल्ट विसरले. बरंच झालं.


राजारामपुरी
५ मार्च

ती. आक्का,

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. यादी एवढी मोठी आहे का?

इथं घरात पाहुण्यांची रीघ लागली आहे. रविवारी जोतीराम तात्या आले. चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "हंबीरराव, मला ग्रीसमधी ठिवलंय म्हनं?" मी म्हटलं, "तात्या, ग्रीसशिवाय फौंड्री चालती का?" तात्या खुर्चीत जरा सैल बसले. जाताना म्हणाले, "त्येबी खरं हाय म्हना."

चिमणाबाई आत्या सोमवारी. "का रं हंबीर, मी फ्यूजच्या खनात व्हय?" म्हटलं, "आत्या, तुम्ही उठून गेलात की घरात अंधार पडतो, म्हणून." आत्यांनी मला शंभर वर्षांचं आयुष्य दिलं आणि तुझ्या भावजयीला चटणीची बरणी. पृथ्वीराजनं फक्त एवढंच विचारलं, बेल्ट कितवा नंबर.

गंमत अशी, की हे सगळे येऊन वाद घालून गेले आणि प्रत्येकजण आपापल्या खणात आणखी पक्का बसला. आता मला त्यांची पोरंबाळंही पाठ आहेत. ऐंशीपैकी ऐंशी, दोन्ही बाजूंनी.

उरलेली नावं पाठव.

हंबीर


जयसिंगपूर
११ मार्च

प्रिय हंबीर,

तुझं पत्र मिळालं. छान लिहितोस.

सोबत यादी आहे, एकशे अकरा नावं. जमतील तेवढी कर. नाही जमली तरी बिघडत नाही. उन्हाचं बाहेर पडू नकोस. चालायला गेलास तर कुणालातरी बरोबर घे. विजयसिंह कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवते. रोज एक खा.

गुण देत नाही आता. गुणांनी काय होतं.

तू आमचा फार गुणी भाऊ आहेस.

आक्का


राजारामपुरी
१८ मार्च

ती. आक्का,

तुझं पत्र मी दोनदा नाही, सहादा वाचलं. "प्रिय"? "गुणी भाऊ"? जन्मात तू मला असं म्हटलेलं नाहीस. मी दहावीला तालुक्यात दुसरा आलो तेव्हा तू विचारलं होतंस, पहिला कोण आला. आक्का रागवायची थांबली म्हणजे माझं काही खरं नाही, एवढं मला त्याच क्षणी कळलं. माझ्या पत्रांत तुला काहीतरी दिसलं असणार. मी काय विसरतोय ते मला कसं दिसणार?

तीन दिवस जेवण गेलं नाही. मग कुणाला न सांगता इथल्याच एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर श्रुती म्हणून आहेत, आपल्या मोनाएवढ्याच. त्यांनी तीन शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारीन म्हणाल्या. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग विचारलं, ते तीन शब्द कुठले? मी सांगितले. वर बाहेर बाकावर बसलेल्या नऊ पेशंटांची नावं आणि गावं सांगितली. त्या हसायच्या थांबेनात. रक्त तपासलं, कान तपासले. म्हणाल्या, "काका, वयाच्या मानानं तुमचं डोकं उत्तम आहे. काळजी कशाची करताय?" मी अण्णासोचं सांगितलं. त्या म्हणाल्या, कागद हातात आला की डोकं कागदावर विसंबतं, ते काही दुखणं नव्हे.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, दोन ग्लास. पण मनातली पाल गेली नाही. कागदावर नाव होतं आणि मी गाळलं, हे तर उरतंच. आणि तू लाडू का पाठवलेस? आक्का, काय असेल ते खरं सांग.

हंबीर


जयसिंगपूर
२४ मार्च

चि. हंबीर,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

सतरा फेब्रुवारीला मोनाची यादी करायला बसले आणि क्रांतीच्या वेळची वही काढली. कच्ची यादी तीत आहे. पहिली ओळ मोकळी आहे. दुसऱ्या ओळीपासून नावं सुरू होतात. सगळं पान तीनदा वाचलं, बोट ठेवून मोजलं. अण्णासोंचं नाव त्यात नाही.

मग आठवलं. नवरीचे मामा, पहिला मान त्यांचा, म्हणून पहिली ओळ त्यांची. पण ते नुकतेच दूध संस्थेचे चेअरमन झाले होते. "चेअरमन" आधी लावायचं की नावाच्या मागून, "श्री" की "श्रीमान", हे विजयसिंहाला विचारून मगच लिहू म्हटलं, मानाच्या माणसाचं अर्धवट लिहायला नको. म्हणून ओळ मोकळी ठेवली. मग स्वयंपाकाच्या बायका आल्या. संध्याकाळी पक्की यादी उतरवताना मोकळ्या ओळीत उतरवायला काही नव्हतंच.

तू काहीही गाळलं नव्हतंस. मी दिलेलं तू बरोबर वाचलंस.

हे मला पाच आठवड्यांपूर्वी कळलं आणि मी गप्प बसले. आबांचं तू लिहिलं होतंस ते डब्यात होतं, आणि तरी गप्प बसले. आधी लाज वाटली, मग वाटलं लग्न होऊ दे, मग सांगू. चौतीस वर्षं पोरांना "चुकलं तर उभं राहून सांगा" म्हणणारी बाई. लाडू त्याचे होते. तू ते दुखण्याचे समजलास, तीन दिवस जेवला नाहीस, हे वाचलं आणि कागद घेऊन बसले.

माझं चुकलं, हंबीर.

आक्का


(पोस्टकार्ड)

राजारामपुरी
२९ मार्च

आक्कास नमस्कार. पत्र मिळालं. एकदाच वाचलं, तरी पाठ झालं. सध्या मी लिहिणार नाही.

हंबीर


जयसिंगपूर
१५ एप्रिल

चि. हंबीर,

तू लिहू नकोस, मी लिहिते. उत्तर दे असं म्हणत नाही.

परवा वही घेऊन अण्णासोंच्या गावी गेले. ते पडवीत बसले होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. मी म्हटलं, "अण्णासो, फेट्याचं बोलायला आलेय." ते म्हणाले, "फेट्याचं मला काय न्हाय वो आक्का. घरात धा फेटं हाईत. हंबीररावांनी सरळ माज्याकडं बघितलं, आन् फुडचं नाव घेतलं. ती नजर डोस्क्यातनं जाईना. माजं काय चुकलं, ह्येच चार म्हैनं शोधतोय."

हंबीर, तू तिकडं शोधत होतास, ते इकडं. आणि वही माझ्या कपाटात.

मी वही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. त्यांनी चष्मा लावला. "ही मोकळी वळ माजी व्हय?" म्हटलं, "तुमची." त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मानानं मोकळी ठिवली, आन् मान मोकळाच ऱ्हायला." आणि हसायला लागले. आतून त्यांची बायको बघायला आली, एवढे हसले.

जाताना विचारलं, "त्या रॅकवर मी कुठं हाय?" मी खरं सांगितलं, की हंबीरला तुम्हाला ठेवायला जागाच सापडत नाही. ते हसायचे थांबले. मोनाच्या लग्नाला या म्हटलं, तर "बघू" म्हणाले. यापेक्षा जास्त काही म्हणाले नाहीत.

माईकचं तू ठरव. तू नाही म्हणालास तरी मी समजेन.

आक्का


राजारामपुरी
२२ एप्रिल

ती. आक्का,

मी तीन आठवडे रागावून बसलो होतो. राग खरा होता. रोज सकाळी चालताना तुझ्याशी भांडायचो, आणि भांडण कुठवर आलं होतं ते दुसऱ्या दिवशी बरोबर आठवायचं. परवा भांडता भांडता लक्षात आलं, की गेल्या चार महिन्यांत मला जे काही बरं वाटलं ते तुझ्याच पत्रांनी. चूक तुझी होती, भीती माझी होती, आणि औषधही तूच दिलंस. आता कुणाला ओरडू? तुझी भावजय म्हणाली, "न्हणंदांना लाडू चांगलं जमत्यात. अजून चार मागवा." तेव्हा राग उतरला.

पण एक गोष्ट तुझी नाही, माझी आहे. अण्णासो पुढ्यात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं, हे तो खरं सांगतोय. माणूस समोर होता आणि मी कागदाचं ऐकलं. म्हणून चार मेला कागद आणणार नाही. आणशील तर फाडून टाकीन.

अण्णासोला जागा सापडली. स्टोअरच्या दाराशी माझं टेबल होतं, त्यामागं माझी खुर्ची. तिथं बसवलाय त्याला. आत जायचं तर त्याला ओलांडून जाताच येत नाही. येईल का नाही कोण जाणे, पण नाव त्याचं पहिलं.

हंबीर


राजारामपुरी
७ मे

ती. आक्का,

काल दिवसभर झोपलो, आज लिहितोय.

एकशे अकरा नावं. कागद नाही, अडखळणं नाही. रॅक पाचपाशी एक क्षण अंधार झाला, मग गॉगलवाले काका चुकून तिथं आलेले दिसले, त्यांना हाकललं आणि पुढं गेलो. अण्णासो आला, हे मी मंडपाच्या दारातच बघितलं. पहिलं नाव घेतलं तेव्हा माझा आवाज जरा फाटला, तुला कळलं असेल. फेटा बांधताना तो माझ्याकडं बघत होता. मीही बघितलं. जोतीराम तात्या फेटा घेऊन परत जाताना माझ्या कानात "ग्रीस" म्हणून गेले.

शेवटचं नाव झालं, मुहूर्ताला सात मिनिटं होती. नवऱ्या मुलाला बोहल्यावर बोलावणार, तेवढ्यात अण्णासो वर आला आणि माझ्या हातातून माईक घेतला. इथपर्यंत सगळं लख्ख आठवतं. पुढचं नाही. तो काहीतरी बोलला, सगळे हसले, मग गप्प झाले, मग टाळ्या. नंतर माझ्या डोक्यावर फेटा होता. मधलं सगळं गेलं आहे. आक्का, एकशे अकरा नावं आजही उलटी म्हणून दाखवतो, पण त्या माणसाचा एक शब्द माझ्यापाशी उरलेला नाही.

विजयसिंह म्हणतो व्हिडिओ पाठवतो. मी नको म्हटलं. तू समोर बसली होतीस. तू काय ऐकलंस ते मला लिही. न बघता.

हंबीर


जयसिंगपूर
१४ मे

चि. हंबीर,

हे मी कशालाही न बघता लिहिते आहे, आणि खाली लाल शाई नसेल.

तू म्हणालास, "मानाची मंडळी झाली." अण्णासो उठले. बायकांत कुजबुज झाली, कारण सगळ्यांना डिसेंबर ठाऊक होता. मोनाची आई माझा हात घट्ट धरून बसली. ते वर आले, तुझ्या हातातून माईक घेतला, उलटा धरला. पृथ्वीराजनं तो सरळ करून दिला. त्यावर सगळे हसले, ते हे हसणं.

मग ते म्हणाले, "पावणं, वाईच थांबा. ह्येनला वाटतंय यादी झाली. न्हाय झाली. एक नाव ऱ्हायलंय." तेव्हा सगळे गप्प झाले. "चाळीस वर्सं ह्यो मानूस आपली नावं घेतोय. माज्या लग्नात ह्येनीच घेतली, माज्या पोरांच्या लग्नात ह्येनीच. आपन उठतोय, फेटा बांधून घेतोय, जाऊन बसतोय. चाळीस वर्सांत ह्येचं नाव कुनी घेतलंय का? माजं एकडाव ऱ्हायलं तर मी चार म्हैनं फुगून बसलो. ह्येचं चाळीस वर्सं ऱ्हायलं, आन् ह्यो आपला दर लगनाला हजर हाय."

खाली बसलेल्या चिमणाबाई आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी लावला नाही, पण माझंही तसंच झालं होतं.

अण्णासोंनी घसा साफ केला. तू करतोस तसाच, डावा हात कानावर ठेवून. आणि मोठ्यांदा पुकारलं, "शिरोली फौंड्रीचं माजी स्टोअरकीपर, जयसिंगपूरच्या आक्कांचं बंधू, श्रीमान हंबीरराव, यांनी मानाचा फेटा बांधून घ्यायला फुडं यावं."

हंबीर, तू काय केलंस ते तुला आठवत नाही, म्हणून सांगते. तू मान उंच केलीस, आणि मंडपभर नजर फिरवून बघायला लागलास, कोण उठतंय ते.

आक्का